हजेरीपट भरला, खाटेजवळ काय बदलले?

प्रति,
मा. संपादक,

विषय : आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे मोजमाप

महोदय,

‘अमुक इतक्या डॉक्टरांना, परिचारिकांना आणि आरोग्य सेविकांना प्रशिक्षण’ अशी बातमी आपल्या अंकात अधूनमधून येते, पावसाळ्याच्या तोंडावर जरा जास्तच. बातमीतल्या आकड्यावर आमचा आक्षेप नाही. तो हजेरीपटावरून घेतलेला असतो आणि हजेरीपटाची बेरीज सहसा चुकत नाही. पण त्या आकड्यावरून खुर्च्या किती भरल्या एवढेच कळते. वॉर्डात, लेबर रूममध्ये, दवाखान्याच्या टेबलाशी काय बदलले ते कळत नाही. ते मोजता येते, आणि त्याला मोठे सॉफ्टवेअर लागत नाही की बाहेरचा सल्लागार. एक वही, एक स्टॉपवॉच, जुने केसपेपर आणि तीन महिन्यांचा धीर पुरतो.

सध्या काय मोजले जाते ते आधी पाहू. प्रशिक्षण संपता संपता एक फॉर्म हातात येतो. ‘मांडणी स्पष्ट होती’, ‘वक्त्यांची तयारी चांगली होती’, ‘सभागृह सोयीचे होते’. समोर ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच रकाने. फॉर्म दिला की प्रमाणपत्र मिळते आणि प्रमाणपत्र मिळाले की लोकल गाठता येते. मग पहिल्या रकान्यात वरून खाली एक उभी रेघ ओढलेली दिसते. असे फॉर्म किती, हे ओळखायची सोपी युक्ती म्हणजे मध्येच एक उलटे वाक्य घालायचे : ‘आज शिकवलेले माझ्या कामाचे नाही.’ त्यावरूनही ज्यांची रेघ सरळ खाली गेली, त्यांचा फॉर्म बाजूला ठेवायचा. उरलेल्या फॉर्मांतून फार तर प्रशिक्षण आवडले की नाही ते समजते, आणि आवडणे वेगळे, उपयोगी पडणे वेगळे. ज्या सरावात चारचौघांत चुका दाखवल्या जातात तो कुणालाच फारसा आवडत नाही, पण हात सुधारतो तो तिथेच. फॉर्ममध्ये एकच प्रश्न ठेवायचा झाला तर आम्ही हा ठेवू : ‘उद्या ड्युटीवर गेल्यावर वेगळे काय कराल, आणि त्याला काय आड येईल?’ दुसऱ्या भागाची उत्तरे एकत्र केली की रुग्णालयाच्या अडचणींची यादी फुकटात तयार होते.

अमेरिकेतल्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजण्याच्या चार पायऱ्या मांडल्या. आवडले का, शिकले का, कामात वागणूक बदलली का, आणि शेवटी ज्यासाठी हे सगळे केले ते साधले का. त्या मांडल्या होत्या उद्योगधंद्यांसाठी, पण वैद्यकीय शिक्षणाने त्या उचलल्या. पुढे १९९० मध्ये जॉर्ज मिलर यांनी वैद्यकीय कौशल्याचा एक पिरॅमिड मांडला : माहीत असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखवता येणे आणि प्रत्यक्षात करणे. शेवटच्या दोन पायऱ्यांमधले अंतर सर्वांत मोठे आणि आपले बहुतेक मोजमाप त्या अंतराच्या अलीकडेच थांबते.

दुसरी पायरी, म्हणजे सकाळची पूर्वचाचणी आणि संध्याकाळची उत्तरचाचणी, आता बऱ्याच ठिकाणी असते. अहवालात ‘सरासरी ४० टक्क्यांवरून ७० टक्के’ असे वाक्य येते आणि सगळे खूश होतात. इथे तीन-चार गोष्टी बिघडतात. सकाळचेच प्रश्न संध्याकाळी आले तर चहाच्या सुट्टीत उत्तरांची देवघेव झालेली असते, आणि प्रशिक्षकही नकळत त्या प्रश्नांपाशी आवाज चढवतात. म्हणून त्याच मुद्द्यावरचे, पण वेगळ्या रुग्णाचे प्रश्न हवेत. दुसरे असे की नुसती वाढ फसवते. ४० वरून ७० म्हणजे मिळवायच्या राहिलेल्या ६० गुणांपैकी ३० मिळवले, अर्धे. ८० वरून ९० गेलेल्या ज्येष्ठ सिस्टरनेही राहिलेल्या २० पैकी १० मिळवले, तेही अर्धेच. पहिलीची वाढ ३०, दुसरीची १०, प्रगती सारखी. राहिलेल्यापैकी किती भरून काढले, हा हिशेब धरला तर अनुभवी बॅच उगाच ‘ढ’ ठरत नाही. तिसरे, सरासरीच्या आड माणसे लपतात. सकाळच्या आणि संध्याकाळच्या पेपरवर एकच सांकेतिक क्रमांक असला तर कोण जागच्या जागी राहिले ते दिसते, आणि पुढचा सराव त्यांनाच द्यायचा असतो. शिवाय प्रत्येक प्रश्नही तपासावा लागतो. सकाळीच सगळ्यांना आलेला प्रश्न काढून टाकावा. जो प्रश्न वरच्या गटातले चुकतात आणि खालच्या गटातले बरोबर सोडवतात, त्यात बहुधा उत्तरसूचीच चुकलेली असते.

एवढे सगळे नीट केले तरी संध्याकाळची चाचणी संध्याकाळचेच सांगते. हृदय बंद पडल्यावर द्यायच्या छातीदाबाचे, म्हणजे सीपीआरचे, उदाहरण घ्या. बीएलएसचे, म्हणजे प्राथमिक जीवरक्षणाच्या प्रशिक्षणाचे, कार्ड दोन वर्षे चालते. हात तीन ते सहा महिन्यांत विसरू लागतात. मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रौढात खोली ५ ते ६ सेंटिमीटर, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देणे, मध्ये १० सेकंदांपेक्षा जास्त खंड नाही, हे आकडे तोंडपाठ राहतात. विसरतात ते हात. वेग वाढत जातो, खोली कमी होते आणि थकलेला माणूस छातीवर रेलून राहतो. त्यात वॉर्डातली मऊ गादी. खाली फळी सरकवली नाही तर बराचसा दाब गादीच खाते, आणि करणाऱ्याला वाटते आपण खोल दाबतोय. म्हणून तीच चाचणी तीन महिन्यांनी, न सांगता, वॉर्डातल्याच खाटेवर सरावाचा पुतळा ठेवून घ्यावी. दोन मिनिटे पुरतात.

नवजात बाळाला श्वास देण्याचे प्रशिक्षण हे याहून बोलके उदाहरण आहे. त्यातले मोजमाप जवळून पाहण्यासारखे आहे. बाळ रडले नाही, श्वास घेत नसेल, तर पहिल्या मिनिटाच्या आत बॅग-मास्कने श्वास सुरू व्हायला हवा. पुतळ्यावर हे सगळ्यांना जमते. पुतळा टेबलावर, सोयीच्या उंचीवर, कोरडा, स्थिर. खऱ्या लेबर रूममध्ये बाळ ओले आणि निसरडे असते, आईला रक्तस्राव होत असतो, बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरपाशी तिघे उभे असतात आणि घड्याळाकडे कुणाचेच लक्ष नसते. मिनिट जाते ते कुठे? बहुतेक वेळा पाठ चोळण्यात आणि पुन्हा पुन्हा सक्शन करण्यात, म्हणजे नळीने तोंड-नाक साफ करण्यात. मग मास्क बसतो तो हनुवटीवरून घसरलेला किंवा डोळ्यांवर चढलेला. मान फार मागे झुकवलेली असते. खांद्याखाली पातळ घडी घालून ती किंचितच मागे हवी, जास्त ताणली की श्वासमार्ग उलट बंद होतो. घाबरलेला हात बॅग जोरात आणि भराभर दाबतो. हवे असतात मिनिटाला ४० ते ६० श्वास, ‘दाब-दोन-तीन’ अशा लयीत. आणि मुख्य म्हणजे छाती वर येते आहे का, हे पाहायचे राहून जाते.

निरीक्षकाने मग काय टिपायचे? पूर्ण जन्म ते बॅगने दिलेला पहिला श्वास किती सेकंद, छाती उचलली का, एवढे दोन आकडे सोन्यासारखे. पण अशी बाळे शंभरात मोजकीच असतात. महिनाभर बसूनही हाती पाच-सहा नोंदी येतात. म्हणून प्रत्येक प्रसूतीत दिसणारी एक कृती निवडावी लागते. बाळ येण्यापूर्वी बॅग तपासली का? मास्क तळहातावर दाबून बॅग दाबायची. हाताला दाब जाणवला आणि सोडल्यावर बॅग परत फुगली तर ठीक. पाच सेकंदांचे काम. प्रशिक्षण मुरले आहे की नाही ते या पाच सेकंदांत दिसते, आणि रोज दिसते. दुसरी तशीच कृती म्हणजे पुसल्यावर ओला कपडा काढून कोरडा घेतला का.

टांझानियातल्या एका ग्रामीण रुग्णालयातला २०१३ सालचा अभ्यास या क्षेत्रात सगळे सांगतात. एक दिवसाच्या प्रशिक्षणानंतर पुतळ्यावरची कामगिरी स्पष्ट सुधारली. प्रसूतिकक्षात मात्र खऱ्या बाळांच्या बाबतीत वागणे बदलले नाही. फक्त उत्तरचाचणी घेतली असती तर तो कार्यक्रम यशस्वी म्हणून फाइलबंद झाला असता. नंतर तिथेच, कामाच्या जागी, थोडा थोडा पण वारंवार सराव सुरू केला तेव्हा चित्र बदलले. आपल्याकडे अजून दोन दिवसांचे निवासी वर्कशॉप म्हणजे प्रशिक्षण आणि ड्युटी सुरू होतानाचा पाच मिनिटांचा सराव म्हणजे ‘टाइमपास’ अशी समजूत आहे. पैशाच्या हिशेबातही वर्कशॉपला खर्चाचे हेड असते, पाच मिनिटांना नसते.

वागणूक बदलली तरी रुग्णाचा फायदा होईलच असे नाही, हेही मान्य केले पाहिजे. त्याचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच देशातला आहे. उत्तर प्रदेशातल्या २४ जिल्ह्यांतल्या १२० आरोग्य केंद्रांत सुरक्षित प्रसूतीच्या चेकलिस्टचा मोठा प्रयोग झाला. निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या केंद्रांत आठ महिने प्रशिक्षकांनी येऊन जाऊन, शेजारी उभे राहून शिकवले. सुरुवातीपासून दोन महिन्यांनी पाहिले तर ठरलेल्या १८ कृतींपैकी सुमारे ७३ टक्के त्या केंद्रांत होत होत्या, बाकीच्या केंद्रांत ४२ टक्के. सुरुवातीपासून वर्षभराने, प्रशिक्षकांचे येणे थांबल्यावर, ७३ चे ६२ झाले. आणि माता-बालकांचे मृत्यू व गंभीर गुंतागुंत? दोन्हीकडे साधारण १५ टक्के, फरक नाही. हा निकाल वाचून ‘प्रशिक्षण फुकट’ म्हणणारे चुकतात, असे आम्हाला वाटते. चेकलिस्टमुळे सोप्या कृती वाढतात. पण बाळाला श्वास देणे, रक्तस्राव थांबवणे, वेळेत वरच्या रुग्णालयात पाठवणे यांना कौशल्य, औषध आणि गाडी लागते. चौथी पायरी मोजली होती म्हणून निदान हे समजले.

त्याच्या उलटा निकाल २०२३ चा. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतल्या ८० रुग्णालयांत प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावावर काम झाले. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावे लागणे किंवा त्यातून मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण नेहमीच्या पद्धतीच्या रुग्णालयांत ४.३ टक्के, नव्या पद्धतीच्या रुग्णालयांत १.६ टक्के. तिथे प्रशिक्षण एकटे नव्हते. बाईखाली मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी होती, ५०० मिलिलिटरला थेट उपचार सुरू करायचा नियम होता, ३०० ला धोक्याची एखादी खूण दिसली तरीही. गर्भाशयाचा मसाज, गर्भाशय आकुंचित करणारे ऑक्सिटोसिन, रक्तस्राव रोखणारे ट्रानेक्झॅमिक अॅसिड, सलाइन आणि तपासणी हे सगळे एकदम, एकामागून एक वाट न पाहता. सामान एकाच ट्रॉलीवर. आणि दर महिन्याला आपलेच आकडे कर्मचाऱ्यांपुढे. अशी मापाची पिशवी बेळगावच्या संशोधनात त्याच्या कितीतरी आधी वापरली गेली आहे, ही आपल्याकडे विसरली गेलेली गोष्ट.

मुंबईच्या कोणत्याही प्रसूतिगृहात याचे मोजमाप एका दुपारी करता येईल. मागच्या महिन्याचे ५० केसपेपर घ्या आणि ‘रक्तस्राव’ या शब्दापुढे काय लिहिले आहे ते पाहा. ‘सरासरीइतका’ किंवा ‘मर्यादेत’ लिहिले असेल तर मोजलेले नाही. आकडा आहे, पण ५० पैकी ४० केसपेपरांवर २००, २५० किंवा ३०० च आहे, तरीही मोजलेले नाही. डोळ्यांनी अंदाज केलेला आहे. खरे मोजले तर १८०, ३४०, ४१०, ६२० असे वेडेवाकडे आकडे येतात. आता प्रशिक्षणानंतर तीन महिन्यांनी पुन्हा ५० केसपेपर. गोल आकड्यांचा ढीग विसकटला असेल तर शिकवलेले खाटेपर्यंत पोहोचले. यात एक गंमत असते, ती वरिष्ठांना आधीच सांगून ठेवावी लागते : नीट मोजू लागल्यावर पहिल्या काही महिन्यांत जास्त रक्तस्रावाच्या केसेस वाढलेल्या दिसतात. त्या आधीही होत्या, दिसत नव्हत्या. हे न समजता मेमो निघाला की पुढच्या महिन्यापासून पुन्हा सगळीकडे २५० मिलिलिटर. मातामृत्यू हा आकडा एका प्रसूतिगृहाच्या प्रशिक्षणासाठी वापरूच नये. तो इतका क्वचित घडतो की एका वर्षात शून्याचा एक झाला काय किंवा एकाचा शून्य झाला काय, त्यावरून प्रशिक्षणाबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

हात धुण्याच्या प्रशिक्षणात तर स्वतः निरीक्षकच आकडा बिघडवतो. कोपऱ्यात कुणी कागद-पेन घेऊन उभे राहिले की सगळे हात चोळू लागतात. म्हणून निरीक्षणाला जोड हवी ती हँडरबच्या, म्हणजे हातावर चोळायच्या जंतुनाशकाच्या, खपाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीत हजार रुग्णदिवसांना २० लिटर ही किमान पातळी धरली आहे, म्हणजे एका रुग्णामागे दिवसाला २० मिलिलिटर. चाळीस रुग्णांच्या वॉर्डाला दिवसाला ८०० मिलिलिटर लागले पाहिजे, म्हणजे अर्ध्या लिटरच्या दीडहून जास्त बाटल्या. इनचार्ज सिस्टरच्या इंडेंट बुकात, म्हणजे मागणीवहीत, आठवड्याला तीन बाटल्या दिसत असतील तर उत्तरचाचणीत ९५ टक्के गुण मिळाले असले तरी निकाल बाटल्यांचाच धरावा. भागताना खाटांची संख्या घेऊ नये, रुग्णांची घ्यावी; आपल्या वॉर्डांत जमिनीवरच्या गाद्याही असतात. आणि बाटल्या घरी जात असतील, तर तेही याच वहीत कळते.

मुंबईतल्या सार्वजनिक रुग्णालयांत सर्वांत मोठी गळती आहे ती बदल्यांची, आणि ती कुठल्याच अहवालात येत नाही. लेबर रूमच्या सिस्टरना प्रशिक्षण दिले, दोन महिन्यांनी त्यांची पोस्टिंग ऑर्थोला. रेसिडेंट युनिट बदलतात, इंटर्न तर काही आठवड्यांचे पाहुणे. अहवालात ‘आजवर प्रशिक्षित’ हा आकडा मात्र दर वर्षी वाढतच जातो, कारण त्यातून कुणी वजा होत नाही. तो बंद करून साधा प्रश्न विचारावा : आज रात्रीच्या ड्युटीवर, त्या विभागात, गेल्या सहा महिन्यांत सराव केलेले किती? ड्युटीचा तक्ता भिंतीवर असतोच. नावांपुढे टिंब करायचे. दिवसपाळीत पाचपैकी चार आणि रात्रपाळीत तीनपैकी एकही नाही, असे चित्र निघणे सहज शक्य आहे, कारण वर्कशॉप सकाळी दहाला असते आणि तिथे पाठवले जाते ते त्या दिवशी मोकळे असलेल्याला. ज्याला गरज आहे तो मोकळा नसतो.

नमुना किती घ्यायचा, यावरही अडून बसायचे कारण नाही. सार्वजनिक आरोग्यात १९ चा नमुना वर्षानुवर्षे वापरला जातो. लक्ष्य ८० टक्क्यांचे असेल तर यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या १९ नोंदींपैकी १३ किंवा अधिक बरोबर असल्या की तो दवाखाना लक्ष्याला पोहोचला असे धरायचे. १२ किंवा कमी असल्या की तिथे पुन्हा जायचे. नेमकी टक्केवारी यातून मिळत नाही, पण पुन्हा कुठे जायचे ते कळते आणि एवढेच हवे असते. ‘यादृच्छिक’ हा शब्द मात्र प्रामाणिकपणे पाळावा लागतो. इनचार्जने काढून ठेवलेले १९ केसपेपर हा नमुना नव्हे.

न सांगता घेतलेल्या कवायतीतून आणखी एक गोष्ट बाहेर येते, तिचा प्रशिक्षणाशी संबंधच नसतो. हाक मारल्यापासून पहिल्या दाबापर्यंत ४० सेकंद, उत्तम. पण औषधाच्या ट्रॉलीला कुलूप, चावी इनचार्जच्या टेबलाच्या खणात आणि इनचार्ज सुट्टीवर. घशात पाहायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागत नाही, बॅटरी संपलेली. २ ते ८ अंशांत ठेवायचे ऑक्सिटोसिन खिडकीतल्या ट्रेमध्ये. अशा ठिकाणी ‘कर्मचाऱ्यांना पुनश्च प्रशिक्षण द्यावे’ असा शेरा मारणे म्हणजे नळाला पाणी नाही म्हणून बादली बदलण्यासारखे आहे. म्हणून मोजमापाच्या तक्त्यात ‘केले नाही’ या रकान्याचे दोन भाग हवेत : येत नव्हते म्हणून केले नाही, आणि साधन नव्हते म्हणून केले नाही. पहिला भाग प्रशिक्षकाकडे जाईल, दुसरा स्टोअरकडे.

डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाबद्दल थोडक्यात. २००२ च्या आचारनियमांनुसार पाच वर्षांत ३० तास अपेक्षित आहेत. एकक तास आहे, म्हणजे पुन्हा खुर्चीच. त्यातले काही तास तरी स्वतःच्या ओपीडीतल्या ३०-४० केसपेपरांचे प्रामाणिक परीक्षण करणाऱ्याला दिले जावेत. एमबीबीएसला २०१९ च्या बॅचपासून क्षमताधारित अभ्यासक्रम आला, त्यात प्रत्येक कौशल्याला ‘माहीत आहे’पासून ‘करतो’पर्यंत पातळी ठरवून दिली आहे, मिलर यांचाच पिरॅमिड. कागदावर उत्तम. पण लॉगबुकवर टर्मच्या शेवटच्या आठवड्यात एकाच शाईने, एकाच बैठकीत झालेल्या सह्या असतील तर त्या पिरॅमिडचा उपयोग नाही. सहीखाली तारीख आणि रुग्णाचा नोंदणी क्रमांक सक्तीचा केला तरी बराच फरक पडेल.

परीक्षणाचा वापर शिक्षेसाठी करू नये, हे सगळे म्हणतात आणि पहिल्याच वाईट आकड्याला स्पष्टीकरण मागतात. त्यावर आमच्या मते एकच व्यवहार्य तोडगा आहे : नोंदीत व्यक्तीचे नाव नकोच, पाळी आणि विभाग पुरे, आणि निरीक्षक त्या वॉर्डाचा वरिष्ठ नसावा. दुसऱ्या रुग्णालयातली त्याच दर्जाची सिस्टर उत्तम. तिला काय पाहायचे ते माहीत असते आणि गोपनीय अहवाल तिच्या हातात नसतो. सुरुवातीला दोन निरीक्षकांनी एकाच प्रसंगाची नोंद वेगवेगळी करावी. दहापैकी तीन ठिकाणी त्यांचे जमत नसेल तर चूक वॉर्डाची नाही, तक्त्यातल्या शब्दांची आहे. ‘बाळाला नीट पुसले’ यातल्या ‘नीट’वर दोघींचे कधीच जमणार नाही, ‘ओला कपडा बाजूला टाकला’ यावर जमेल.

आता पावसाळापूर्व प्रशिक्षणांविषयी, ज्यासाठी हे लांबलेले पत्र लिहायला घेतले. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर शहराने लेप्टोची, म्हणजे साचलेल्या घाण पाण्यातून पसरणाऱ्या तापाची, साथ पाहिली आहे. तेव्हापासून साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्याला ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषध, प्रौढाला डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम, हे दर वर्षी शिकवले जाते. गर्भवती आणि आठ वर्षांखालच्या मुलांना डॉक्सिसायक्लिन नाही, त्यांच्यासाठी अॅझिथ्रोमायसिन. ताप आलेला असेल तर तो प्रतिबंधाचा नव्हे, उपचाराचा रुग्ण. हे शिकवलेले पोहोचले का, ते केसपेपरवरच्या एका ओळीत सापडते : ‘साचलेल्या पाण्यातून चाललात का, कधी, पायाला जखम आहे का’. तिन्हींची उत्तरे लिहिलेली आहेत का? ‘कधी’ हा शब्द बहुधा गळतो, आणि तो नसेल तर ७२ तास कशावरून मोजले, हा प्रश्न उरतो.

औषधाचा खप वाढला म्हणून प्रशिक्षण यशस्वी असे मात्र म्हणू नये. पाऊस जास्त पडला तरी खप वाढतो. म्हणून तुलना हवी, आणि ती फुकटात मिळते. सगळे दवाखाने एका दिवशी सभागृहात मावत नाहीत, बॅचेस दोन-तीन आठवडे चालतात. कोणाची बॅच आधी हे सोयीने न ठरवता चिठ्ठ्या टाकून ठरवले की उशिराच्या बॅचचे दवाखाने तोवर तुलनेला मिळतात. पाऊस दोघांवर सारखाच पडतो. आधीची स्थिती म्हणून एप्रिलचे केसपेपर काढू नयेत, तेव्हा रस्त्यावर पाणीच नसते. मागच्या जुलैचे काढावेत, दर दवाखान्याचे १९, आणि येत्या जुलैचे तितकेच. अडचण एवढीच की जुने गठ्ठे बऱ्याचदा मे महिन्याच्या साफसफाईत माळ्यावर किंवा रद्दीत जातात. प्रशिक्षणाच्या तारखांचे पत्रक निघेल तेव्हा त्यातच एक ओळ घालावी : मागच्या जुलै-ऑगस्टचे केसपेपर ऑक्टोबरपर्यंत हलवू नयेत.

आपले,
वैद्यकीय व परिचर्या प्रशिक्षणात काम करणारे काही वाचक,
परळ, मुंबई